तोफा

रविवारी नाश्ता झाला की खरोटे सर
फळ्यावर पत्राचा सांगाडा लिहायचे.
ती. बाबांस शि. सा. न.
मी येथे खुशाल आहे. अभ्यास चालू आहे.
मग दोन ओळी कोऱ्या,
"इथं स्वतःच्या मनाचं लिहा,"
आणि तळाशी, आपला आज्ञाधारक.

निळं आंतरदेशीय उघडंच द्यायचं.
सर लाल पेनाने वेलांट्या सुधारत,
मग जिभेने ओलं करून चिकटवत
आम्हा चाळीस जणांचा खुशालपणा.

देवळालीच्या त्या शाळेत मी एकशे बारा होतो.
बनियनवर, टॉवेलवर, गादीच्या कोपऱ्यावर.
बेबीताईने मे महिनाभर ओट्यावर बसून
लाल दोऱ्याने आकडे घातले होते.
दोनचा बाक तिला कधी जमला नाही;
माझे सगळे दोन
पाणी प्यायला वाकल्यासारखे.

शेवटच्या मोज्याचा दोरा दाताने तोडत ती म्हणाली,
"रडलास तर कळवशील कसं? सर वाचतात म्हणे."
तेव्हा ठरलं, तोफा.
कॅम्पात तोफखाना आहे, सराव चालतो, कोण हटकणार?
रडलो, तर 'तोफा वाजल्या'.
फार रडलो, तर 'खिडक्या हादरल्या'.

जूनभर खिडक्या हादरल्या.
बाबा ती पत्रं चाळीसगावात जिनिंगच्या हापिसात नेत,
"पोरगं तोफांच्या आवाजात गणितं सोडवतं!"
बेबीताई तेवढ्यापुरती मोरीत जाऊन भांडी घासायची.

शेजारच्या खाटेवर निंबा आहिरे, एकशे तेरा,
सटाण्याच्या पुढच्या कुठल्याशा गावचा.
पहाटे शिट्टीच्या आधी उठून
आम्ही दोघं त्याची गादी उलटी करायचो.
नाशिकची थंडी, फरशी बर्फ,
आणि मेट्रन फ्रान्सिसबाईंच्या चपला जिन्यात.
याबद्दल आम्ही एकमेकांशी
दिवसा कधीच बोललो नाही.

"आज तर वाजल्या नाहीत," एकदा तो माझ्या पत्रात डोकावला.
मी सांगितलं. तो बराच वेळ पेन चावत बसला.
मग त्यानेही लिहिलं, तोफा वाजल्या.
"पण तुझ्या घरी कुणाला माहितीये?"
"नसू दे."
त्याच्या घरी वाचता कुणालाच येत नव्हतं,
पत्र पोस्टमन वाचायचा.

नोव्हेंबरात एका रविवारी खऱ्याच वाजल्या.
नाश्त्याला दुधावरची साय थरथरली,
फळ्याची चौकट भिंतीवर टकटकली,
खुद्द खरोटे सर म्हणाले, "लिहा रे, तोफांचं लिहा!"
सगळा वर्ग लिहीत सुटला.
मी एकटा अडलो.
त्या दिवशी मी खरंच रडलो नव्हतो.
लिहिलं, इथे सगळं शांत आहे.
लाल पेनाने शेजारी प्रश्नचिन्ह आलं.

भेटीच्या रविवारी निंबाचे वडील आले,
उपरण्यात डाळिंबं बांधून, एस.टी.ने, रात्रीचे निघालेले.
पोराच्या डोक्यावरून हात फिरवून झाल्यावर
त्यांनी मलाच विचारलं,
"तोफ कोठे शे रे भाऊ?"

आम्ही त्यांना मैदानामागच्या तारेपर्यंत नेलं.
पलीकडे गवत, एक लाल झेंडीची रिकामी काठी,
दूर पांडवलेण्यांचा डोंगर.
रविवार. काहीच वाजत नव्हतं.
त्यांनी चपला काढल्या, का कुणास ठाऊक,
आणि तारेला कान लावल्यासारखे उभे राहिले.
निंबाने त्यांचं एक बोट धरलं होतं,
आठवीतल्या मुलांनी पाहिलं तरी सोडलं नाही.

घंटा झाली, मी निघालो.
मागे वळलो तेव्हा दोघं तिथंच,
आणि ते खाली वाकून पोराला
काहीतरी विचारत होते.